डाव्या बाजूचे ओरखडे

सेलू,
२१ नोव्हेंबर १९९३

अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं, अन् उत्तर मी टाळत आलो, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो. म्हणजे मला शिव्या घालायला तुला दुसरं काहीतरी शोधावं लागंल. आधी रिफिल संपली होती. रिफिल आणायला निघालो तर स्टेशनाजवळ मालगाडी घसरली अशी बोंब उठली, म्हणून तिकडं पळालो. ती घसरलीच नव्हती, नुसती उभी होती. पण तितं एक म्हातारा तितर घेऊन बसला होता. तितर माणसाला कसं ओळखतं यावर त्याच्याशी इतकं बोलणं झालं की रिफिल राहूनच गेली.

आज मात्र लिहिल्याबिगर करमायचं न्हाई. तू लिहिलंस, पाथरीच्या दिनकररावांच्या चंद्रभानशी तुझा साखरपुडा झाला, मुलगा झेडपीच्या शाळेत मास्तर हाय, नवी लाल मोटारसायकल हाय, जानेवारीत लग्नाची तारीख धरायची. तर अक्का, काल शनिवारी दुपारी तीच लाल गाडी आमच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली.

मी त्याला ओळखलं ते आमच्या मालकांनी, गफूरचाचांनी, नाव-गाव विचारलं तेव्हा. त्यानं मला ओळखायचा सवालच न्हाई. त्यानं मला कधी बघितलेलं न्हाई, अन् हितं मला सगळे राजू म्हणतात. आश्रुबा हे आजोबाचं नाव, ते त्यांनाच शोभत होतं.

माणूस दिसायला बरा हाय. चष्मा, इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ. पण पहिलंच वाक्य काय बोलला? "आजच्या आज करून द्या. घरी कळायला नको."

गाडीच्या दोन्ही बाजूला सीटखाली प्लास्टिकचं पॅनल असतंय. उजवं पॅनल नव्या नवरीगत चकाचक, अन् डावं ओरखड्यांनी भरलेलं. चाचा सगळी हयात पत्रा ठोकत आले. प्लास्टिकवर त्यांचा राग हाय. म्हणतात, "लोहा ठोकने से सुनता, ये मनाने से सुनता. तू मना इसकू." म्हणून प्लास्टिकचं काम माझ्याकडं. सुरुवातीला मी एका पॅनलला थिनर चोळलं होतं, त्याचा पापड झाला. आता शिकलोय. साबणानं धुवायचं, ओरखडा कुठून कुठं गेला ते बोटानं बघायचं, मग पाणीपेपर भिजवून हळूहळू घासायचा, खोल असंल तितं पुट्टीचा पातळ हात, वर रंग. अन् सध्या कापसाचा हंगाम, जिनिंगची पिंज हवेत उडायलीय, ओल्या रंगावर बसली की गाडीला दाढी फुटते. म्हणून आधी जमिनीवर पाणी मारायचं अन् दाराला ओलं पोतं बांधायचं.

बघ, मी कुठल्या कुठं गेलो. सांगायचं ते हे. ओरखडा बोटानं बघताना मला कळालं की हे काट्याचे न्हाईत, भिंतीला घासल्याचे बी न्हाईत. पाय ठेवायच्या दांडीच्या वर, खालून वर गेलेले, बारीक, चांदीगत चमक राहिलेले. असे ओरखडे मी पाचपन्नास गाड्यांवर बघितलेत. ते जोडव्याचे असतात. बाई गाडीवर चढताना पायाची बोटं पॅनलला घासतात, तितं उमटतात. लग्न झालेल्या माणसाच्या गाडीवर असले तर कुणी दुसऱ्यांदा बघत न्हाई. पण ह्याचं लग्न तर अजून व्हायचंय. अन् तुझ्या पायात अजून जोडवी न्हाईत.

मग रोज ह्याच्या गाडीवर कोण चढायलंय? अन् पाथरीत काय पेंटर न्हाईत, की एक पॅनल रंगवायला सेलूला यावं?

मी काम चोख केलं. जाताना म्हणला, "हात चांगला आहे तुझा."

माझा पत्ता आईला सांगू नको, शपथ लक्षात असू दे. सांगितलास तर मी सेलू बी सोडीन.

तुझा,
राजू

---

सोनपेठ,
१ डिसेंबर १९९३

चि. आश्रुबास,
जयभीम.

मी तुला राजू लिहिणार नाही. पाकिटावर लिहिते तेवढं पुष्कळ झालं.

तुझं पत्र अंगणवाडीत आलं तेव्हा पोरं खिचडीला बसली होती. मी वाचत उभी राहिले आणि खिचडी खाली लागली. मदतनीस तानुबाई म्हणाली, "बाई, कुनी गेलं का काय?" मी म्हटलं, गेलं नाही, जायचंय.

तू ओरखड्यावरून बाई ओळखतोस, हे मला खरंही वाटत नाही आणि खोटंही वाटत नाही. लहानपणी तू चिखलातल्या पावलांवरून कुणाची शेळी ते सांगायचास, आणि निम्म्या वेळा चुकायचास. पण निम्म्या वेळा बरोबर असायचास, म्हणून मला झोप नाही.

साखरपुड्याच्या दिवशी चंद्रभान माझ्याशी फार बोलले नाहीत. आईशीच जास्त बोलत बसले. आई त्यांच्या गाडीजवळ बराच वेळ उभी होती, हात फिरवून बघत होती. मला तेव्हा हसू आलं. गाडी दिसली की आईला तू आठवतोस, हे मला ठाऊक आहे.

घरचं सांगते. तात्या तसेच आहेत. विद्यापीठाच्या नावासाठी त्यांनी काठ्या खाल्ल्या, जेलात बसले, आणि त्यांचं पोरगं त्या विद्यापीठाच्या दारापर्यंतही न जाता दहावीतूनच पळालं, हे त्यांच्या काळजातून जात नाही. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही," हा हुकूम अजून चालू आहे. आईच्या डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून ती शनिवारी एसटीनं पाथरीला औषधाला जाते आणि मावशीकडं राहून रविवारी परत येते. परवा तिचं ते फाटलेलं जोडवं वाकळेत अडकलं आणि सगळा टाका उसवला. मी म्हटलं, सोनाराकडं टाक की. तर म्हणाली, "राहू दे, आश्रुबानं दगडानं ठोकलेलं हाय ते." तू तीन वर्षांचा असताना तिचं जोडवं पाट्यावर ठेवून वाटलं होतंस, आठवतं का?

आश्रुबा, लग्न मोडायला एक शब्द पुरतो. पण माणूस वाईट असेल तर गप्प बसूनही चालणार नाही, मला जन्म काढायचा आहे. म्हणून नीट बघ, आणि नुसतं जे दिसेल ते लिही, तुझं डोकं त्यात मिसळू नकोस. तारीख धरायला दिनकरराव जानेवारीत येणार आहेत. त्याच्या आत मला कळायला पाहिजे.

तुझी,
कुसुम अक्का

---

सेलू,
१२ डिसेंबर १९९३

अक्कास,
सप्रेम जयभीम.

ह्या वेळेला मी उशीर केला न्हाई, हे ध्यानात घे.

काल शनिवारी तुझा मास्तर परत आला. डावं पॅनल परत ओरखडलेलं. माझ्या हातचा रंग, त्याच्यावर. अक्का, मला स्वतःच्या तोंडावर ओरबाडल्यागत झालं. तीच जागा, तीच खालून वर गेलेली रेघ. आता तर लय जवळून बघितलं. एक रेघ जाड, अन् तिला चिकटून दुसरी केसागत बारीक. म्हणजे जोडव्याला कुठंतरी कंगोरा निघालेला हाय. एकच बाई, दर वेळेला तीच. गाडीला साडीगार्ड न्हाई, लेडीज फुटरेस्ट न्हाई, काढून टाकलेत. कामून काढले? बाई बसतच न्हाई असं दाखवायला!

मी मुद्दाम विचारलं, "मास्तर, घरी बायका लय बसतात वाटतं गाडीवर?" त्याचा चेहरा असा झाला की पोराला परीक्षेत कॉपी करताना धरावं. म्हणला, "तू रंगाचं बघ."

मग तो चाचांच्या कानाजवळ जाऊन काहीतरी पुसायला लागला. चाचांनी मान हलवली. "नहीं मास्तर, इस नाम का इधर कोई नहीं." तो गेल्यावर मी चाचांना खोदून विचारलं. म्हणाले, "किसी आदमी को ढूँढता फिरता. दो-चार गैरेज हो गए उसके. तेरेकू क्या करना? घिस."

मला तर लगेच उमगलं. त्या बाईचा नवरा कुठंतरी गॅरेजात कामाला असणार, अन् हा त्याचा ठावठिकाणा काढायलाय, गाठ पडू नये म्हणून. मी हे चाचांना बोललो तर ते पॅनलवरून अंगठा फिरवत म्हणाले, "जवान औरत ऐसा चढती क्या रे? उछल के बैठती. ये तो कोई गाडी की तरफ मुंह करके चढी, जैसे बैलगाडी पे." पण चाचांना प्लास्टिकचं काय कळतंय.

पुढचं ऐक. रंग वाळेपर्यंत तो स्टँडाकडं गेला, मी पाण्याचं निमित्त काढून मागं गेलो. स्टँडाच्या टोकाला लिंबाखाली एक बाई बसलेली, पाठमोरी, डोक्यावरून पदर, वर मळकी शाल. ह्यानं तिला चहा नेऊन दिला. बशीत ओतून दिला, अक्का! फुंकून!

मी पुढं जाणार, तेवढ्यात कापसाच्या गाड्यांची लाईन लागली होती तिच्यातला एक बैल रस्त्यातच बसला. मागं एसटी, पुढं बैलबंड्या, सगळीकडं ओरडा. त्याचा मालक एवढासा माणूस, शेपूट पिळून पिळून दमला. मी म्हणलं शेपूट सोड, कासरा सैल कर. धरलं, उठवलं. मालकानं मला ओंजळभर उसाची गंडेरी दिली. ती खात माघारी फिरलो तर लिंबाखाली कुणीच न्हाई. गॅरेजात आलो तर मास्तर गाडी घेऊन गेलेला.

तू म्हणलीस जे दिसंल ते लिही. हे दिसलं. डोकं मिसळायची गरजच पडली न्हाई.

तुझा,
राजू

---

सोनपेठ,
२२ डिसेंबर १९९३

चि. आश्रुबास,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग मला राग आला. राग तुझा नाही. बशीतल्या चहाचा.

मी आईला सांगितलं. तुझं नाव न घेता सांगितलं, की सेलूकडच्या एका ओळखीच्या माणसानं चंद्रभानच्या गाडीवर एक बाई बघितली, मला हे लग्न करायचं नाही. मला वाटलं आई हबकेल. तर तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "कुसुम, पोरगं सोन्यासारखं हाय. तू जिभेला आवर घाल." मी म्हटलं, तुला काय ठाऊक? तर म्हणाली, "मला ठाऊक हाय." आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली. शेळीपुढं आधीच पाला होता.

आता मला आईचाही संशय यायला लागला आहे. तिला काहीतरी माहीत आहे आणि ती त्याला झाकते आहे. मी म्हटलं, ह्या शनिवारी मी पण येते पाथरीला, डॉक्टरला विचारते तुझ्या डोळ्याचं. तर लगेच म्हणाली, डोळा बरा झाला. आणि शनिवारी सकाळी मी अंगणवाडीत गेल्यावर गेलीच. डोळा बरा झालेली बाई औषधाला कशाला जाते?

तात्यांना यातलं काही माहीत नाही. ते सध्या नामांतराच्या बातमीत आहेत. जानेवारीत नक्की होणार म्हणतात. रोज पेपर वाचतात, घडी करून उशाखाली ठेवतात.

तू काहीही करू नकोस. मी आईच्या मागावर आहे. मला आधी कळू दे. माझी शपथ.

कुसुम अक्का

---

सेलू,
३ जानेवारी १९९४

अक्का,

तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. त्याच्या आधीच मी एक काम करून बसलो.

मला राहवलं न्हाई. नाताळच्या शनिवारी चाचांबरोबर परतूरला टेम्पोचं काम करायला गेलो होतो. येताना रस्त्यात लांबून लाल गाडी दिसली, मागं तीच शाल. धुळीत गेली. त्याच रात्री मी दिनकररावांना चिठ्ठी लिहिली. खाली नाव घातलं न्हाई. लिहिलं, तुमचा मुलगा एका लग्नाच्या बाईला गाडीवर घेऊन गावोगाव हिंडतो, पटत नसंल तर गाडीचं डावं पॅनल बघा. बास, एवढंच. हात रंगाचे होते, पण मजकूर वाचायला येतोय.

आता तो बाप बघून घेईल. तू कशाला आईच्या मागं लागतीस? आई भोळी हाय. कुणी मऊ बोललं की तिला सोन्यासारखं वाटतंय.

तुझी शपथ आधी मिळाली असती तर पाळली असती.

राजू

---

सोनपेठ,
१८ जानेवारी १९९४

आश्रुबा,

बंदोबस्तामुळं बसा नीट चालू नव्हत्या, टपालही अडकलं होतं. म्हणून सगळं एकदम लिहिते. बसून वाच.

चौदा तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तात्यांनी गल्लीत साखर वाटली. सगळे त्यांच्या पाया पडले. घरी येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "नाव झालं." मग म्हणाले, "आता त्या दारातून आत जायला ह्या घरातलं कोण हाय?" तुझं नाव काढायची बंदी त्यांचीच आहे ना.

परवा रविवारी दिनकरराव आले. तारीख धरायला नाही. हातात तुझी चिठ्ठी होती. मागं चंद्रभान, मान खाली. दिनकररावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. चिठ्ठी तात्यांच्या पुढं टाकली.

"तात्याराव, माझ्याच पोराचं हाय म्हणून झाकणार न्हाई. ह्यात लिव्हलंय ते खरं हाय. म्या पॅनल बघितलं. त्याला इचारलं कोण बाई, तर तोंड उघडना. असल्या पोराला तुमची लेक म्या कशी मागू?"

तात्या चंद्रभानकडं वळले. "बोला मास्तर."

चंद्रभान म्हणाले, "मला शपथ आहे." एवढंच.

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, झालं, संपलं. आणि आश्रुबा, मला बरंही वाटलं, की माझा भाऊ खरा ठरला.

तेवढ्यात आई चुलीपुढून उठून बाहेर आली. पदर नीट केला. पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. म्हणाली, "ती बाई म्या हाय."

कुणाला कळेना. दिनकरराव म्हणाले, "काय म्हणता, याहीनबाई?"

"ह्या जोडव्यानं वरबडलंय ते. फाटलेलं हाय, बघा. साखरपुड्याच्या दिशी म्या ह्या लेकराला इचारलं, ही गाडी गॅरेजात जाती का? म्हणला, जाती की मामी. मंग म्हणलं, मला बी घेऊन चल. माझं लेकरू कोण्या तरी गॅरेजात असंल. त्याला दुसरं काय आवडत न्हाई. तवापासून दर शनिवारी, शाळा सुटली का हिंडतोय आमी. मानवत, जिंतूर, परतूर. ह्यांनी शोधायला बंदी केलीय, म्हणून म्याच शपथ घातली कुणाला सांगू नको म्हणून."

मग खाली बसली आणि म्हणाली, "सेलूला तर दोनदा गेलतो. म्या स्टँडावर बसले. ह्यानं नाव इचारलं, तर म्हणले, ह्या नावाचं कुणी न्हाई."

आश्रुबा, ती गाडीवर कशी चढते ते मला तेव्हा डोळ्यांपुढं दिसलं. ती बैलगाडीत चढते तशीच, तोंड गाडीकडं करून, बोटं रोवून. तुझ्या गफूरचाचांनी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. मी वाचलं होतं, मलाही कळलं नाही. आणि बशीतला चहा! कप धरला की आईचा हात थरथरतो, ती बशीतूनच पिते, हे जगात आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत असायला पाहिजे होतं?

मी तुझी शपथ पाळली, आणि आई जिल्हाभर धूळ खात हिंडली. यातलं माझं जे आहे ते माझ्याकडं ठेवते.

पण अजून मिटलेलं नाही. दिनकरराव वाईट माणूस नाहीत, पण मानी आहेत. म्हणाले, "याहीनबाई, तुमचं म्या खरं मानतो. पण ही चिठ्ठी लिव्हणारानं मला एकट्यालाच लिव्हली असंल कशावरून? उद्या गावात निघंल, सासू जावयाच्या गाडीवर हिंडती. मंग म्या काय सांगू? पोराला हुडकत होते म्हणून? तर पोरगं दाखवा. पोरगं उभं करा, तारीख त्याच दिशी धरतो." आणि निघाले.

चंद्रभान उठेनात. तुझी चिठ्ठी हातात घेऊन खिडकीशी उभे होते. तिच्यावर लाल रंगाचा अंगठा उमटला आहे. ते त्या अंगठ्याकडं बघत राहिले, मग बाहेर जाऊन गाडीजवळ बसले, डाव्या पॅनलच्या रंगाशी चिठ्ठीवरचा रंग ताडून बघितला. परत आत आले, माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं, आणि चिठ्ठी तात्यांच्या हातात दिली.

तात्यांनी उशाखालचा पेपर काढला, तिथं ती चिठ्ठी ठेवली आहे.

मी पत्ता सांगितलेला नाही. आता ते तुझ्यावर आहे. तू आलास तर माझं लग्न आहे. नाही आलास तर ज्या माणसानं माझ्या आईला फुंकून चहा पाजला, त्याला मी तुझ्या एका चिठ्ठीपायी घालवला, असं मी जन्मभर म्हणेन. ये.

अक्का

---

सेलू,
२२ जानेवारी १९९४

अक्कास,
जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. काल लिहिलं न्हाई, कारण हात चालत नव्हता. आज बी किती चालंल ठाऊक न्हाई.

मी किती वेळा वाचलं ते सांगत न्हाई. चाचांना बी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं अन् हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाले, "तेरा नाम आश्रुबा है?" मी म्हणलं, हो. म्हणाले, "वो मास्तर मेरे सामने खडा होके पूछा, और मैं बोला, नहीं. मेरेसे झूठ बुलवाया तू." तेव्हापासून बोलत न्हाईत. राजू म्हणून बी हाक मारत न्हाईत.

मला निघायचंच हाय. सकाळी पिशवी भरली. मग वाटलं, मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून आईच्या जोडव्यासाठी सोनाराकडं गेलो. त्यानं विचारलं, माप काय? मला माप सांगता येईना. अक्का, त्या ओरखड्याची रुंदी मी डोळे मिटून सांगितली असती. त्याला पुट्टी किती लागती, कितीचा पाणीपेपर लागतोय ते सांगितलं असतं. दोनदा ह्या हातानं मी ते घासून काढले. आई माझ्यासाठी चढली त्याची खूण, मीच पुसली, अन् तुझा मास्तर म्हणला, हात चांगला हाय तुझा.

तिथून स्टँडावर गेलो. सोनपेठची गाडी लागलेली होती. चढलो बी. मग तो लिंब दिसला. खाली उतरून त्याच्याखाली बसून बघितलं. तिथनं आमच्या गॅरेजचं दाराला बांधलेलं ओलं पोतं दिसतंय, अक्का. सरळ दिसतंय. ती त्या पोत्याकडं बघत बसली असंल, अन् मी पोत्याच्या आत. तेवढ्यात गाडी सुटली. ह्या वेळेला बैल बी नव्हता, मालगाडी बी नव्हती. मीच उठलो न्हाई.

खरं सांगतो, मला आईची भीती न्हाई. दिनकररावांच्या पायावर डोकं ठेवायला बी तयार हाय, चिठ्ठी माझी म्हणून भर चौकात सांगतो. भीती तात्यांची. ते मारतील म्हणून न्हाई. ते बघतील अन् काहीच बोलणार न्हाईत, त्याची. ज्या घरात आपलं नाव काढायची बंदी हाय, तितं दारात उभं राहून मी कोण म्हणून सांगायचं? म्हणून म्हणलं, आधी तुला लिहावं, उद्याच्या गाडीनं नक्की येतो, सोमवारी तरी

थांब. बाहेर गाडी थांबली.

आवाजावरून कळालं कोणती ते. मी हितं मागच्या खोलीत फळीवर बसून लिहायलोय, पोत्याच्या फटीतून अर्धंच दिसायलंय. लाल टाकी. चंद्रभान मास्तर. आज शनिवार हाय, मी इसरलोच होतो. आई आलीय अक्का, मास्तरांनी अंगठा ओळखला, अन् आईला घेऊन आले.

न्हाई. मागं बसलेल्या माणसाचे पाय एका बाजूला न्हाईत. दोन्हीकडं हायेत. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. उतरता येईना, मास्तरांनी हात दिला. डाव्या पॅनलला हात टेकून उभे राहिले. बोटानं ओरखडे बघायलेत, मी बघतो तसेच, खालून वर.

तात्या हायेत.

पोत्याच्या पलीकडं चाचांच्या समोर उभे हायेत. डोक्यावर टोपी न्हाई, निळा मफलर हाय. घसा खाकरला. अक्का, दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकायलोय. "हितं आश्रुबा नावाचं कुणी हाय का?"

चाचा न्हाई म्हणत न्हाईत, हो बी म्हणत न्हाईत. नुसतं पोत्याकडं बघायलेत.

मी उठायलोय.

तुझा,
आश्रुबा